सोडियम आर्सेनेट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे निवृत्तीनंतरही फोन येतात. बहुतेक वेळा कारण एकच असतं. शाळेचं किंवा कॉलेजचं जुनं कपाट आवरताना एक तपकिरी बाटली सापडते, लेबलावर 'सोडियम आर्सेनेट' असतं आणि 'सर, ह्याचं काय करू?' असा फोटो येतो. विद्यार्थी, शेतकरी, गुऱ्हाळवाले, घरातल्या विहिरीची काळजी लागलेल्या गृहिणी, सगळ्यांचे प्रश्न एका जागी घातले आहेत. बाटली हातात घेऊनच वाचत असाल तर ती खाली ठेवा, हात धुवा आणि आधी प्रश्न १५ वाचा.

१. सोडियम आर्सेनेट म्हणजे नक्की काय?

आर्सेनिक आम्लाचा सोडियम क्षार. बाजारात आणि प्रयोगशाळेत या नावानं जे मिळतं ते बहुतेक वेळा डायसोडियम हायड्रोजन आर्सेनेट असतं: दोन सोडियम, एक हायड्रोजन, एक आर्सेनेट आणि स्फटिकात पाण्याचे सात रेणू. रेणुभार ३१२, त्यात आर्सेनिक ७५, म्हणजे वजनाच्या साधारण २४ टक्के. यातलं आर्सेनिक +५ या ऑक्सिडीकरण स्थितीत असतं. हा आकडा लक्षात ठेवा, खाली तो सारखा लागणार आहे.

२. दिसतं कसं? मिठात किंवा साखरेत मिसळलं तर कळेल का?

रंगहीन किंवा पांढरे स्फटिक, वास नाही, पाण्यात सहज विरघळतं आणि द्रावण अल्कधर्मी असतं. ऊन हवेत स्फटिक पाणी सोडतात आणि वर पांढरी भुकटी धरते, म्हणून एप्रिल-मे मध्ये उघडलेल्या जुन्या बाटलीत तळाला खडे आणि वर पीठ दिसतं.

नुसत्या डोळ्यांना कळणार नाही. म्हणूनच चहा-साखरेच्या कपाटाशेजारी रसायनांचं कपाट ठेवू नये. हे सांगायला लागतं याचं वाईट वाटतं, पण मी असं कपाट बघितलं आहे.

३. सोमल, हरताळ, मनशीळ आणि हे एकच का?

नाही, पण भावकी एकच. सोमल म्हणजे आर्सेनिक ट्रायऑक्साइड, हरताळ आणि मनशीळ हे आर्सेनिकचे दोन सल्फाइड. हरताळ पिवळा, मनशीळ तांबडी. पोथी लिहिताना चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासून ते झाकत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. या तिन्हींमध्ये आर्सेनिक +३ किंवा त्याहून खालच्या स्थितीत आहे, आर्सेनेटमध्ये +५. आजोबांच्या औषधांच्या पेटीत सापडलेली पुडी आर्सेनेटची असण्यापेक्षा सोमलाची असण्याची शक्यता फार जास्त.

४. आर्सेनेट फॉस्फेटसारखं वागतं असं तुम्ही सारखं म्हणता. म्हणजे काय?

एवढा एक प्रश्न नीट समजला तर खालचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आवर्तसारणीत फॉस्फरसच्या बरोबर खाली आर्सेनिक आहे. दोघंही चार ऑक्सिजनच्या मधोमध बसतात, चतुष्फलकाचा आकार तोच, भार तोच. फॉस्फोरिक आम्ल तीन टप्प्यांत प्रोटॉन सोडतं, साधारण २.१, ७.२ आणि १२.३ या पीके मूल्यांना, म्हणजे ज्या सामूला (पीएचला) त्या टप्प्यातले निम्मे प्रोटॉन सुटलेले असतात. आर्सेनिक आम्लही तीन टप्प्यांत सोडतं, साधारण २.२, ६.९ आणि ११.५ ला. म्हणजे सामूच्या ज्या पट्ट्यात फॉस्फेट ज्या रूपात असतं, जवळपास तिथेच आर्सेनेटही त्याच रूपात असतं. एवढं साम्य की दोघांचे स्फटिकही एकाच घडणीचे होतात. १८१९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ मिटशर्लिख पोटॅशियमच्या फॉस्फेटचे आणि आर्सेनेटचे स्फटिक शेजारी ठेवून बघत होता. त्यातूनच समरूपतेचा नियम निघाला. आपल्या बीएस्सीच्या पुस्तकात तो दोन ओळींत उरकलेला असतो.

आता शरीरात काय होतं बघा. पेशीची दारं फॉस्फेटसाठी उघडी असतात आणि आर्सेनेट त्याच दारानं आत येतं. साखर तोडून ऊर्जा काढताना पेशी एका पायरीवर फॉस्फेट जोडते. तिथे आर्सेनेट जोडलं जातं. फरक इतकाच की आर्सेनिक-ऑक्सिजन बंध लांब आणि कच्चा असतो. फॉस्फेटची जोडणी टिकते, आर्सेनेटची पाण्यात क्षणात सुटते. पुढचं चाक फिरत राहतं, पण त्या पायरीवर मिळायचं एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, मिळत नाही. मोटर चालू आहे, पट्टा निसटलाय आणि पंप पाणी ओढत नाही, असं चित्र डोळ्यांसमोर आणा.

५. मग आर्सेनेट जास्त विषारी की आर्सेनाइट?

आर्सेनाइट, म्हणजे +३ वालं. ते प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटांना घट्ट धरतं आणि एन्झाइम बंद पाडतं. पण यावरून 'आर्सेनेट त्यामानानं बरं' असा निष्कर्ष काढू नका. पोटात गेलेल्या आर्सेनेटचा बराचसा भाग शरीर स्वतःच आर्सेनाइटमध्ये बदलतं. शिवाय अकार्बनी आर्सेनिक संयुगं माणसात कर्करोग करतात हे ठरलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात ती आहेत.

६. एवढं विषारी आहे तर लोक वापरत कशाला होते?

कारण ते काम करत होतं आणि स्वस्त होतं.

इचलकरंजीच्या वाचकांना आवडेल असा वापर कापडछपाईतला आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात छापील कापडावर तुरटीचा किंवा लोखंडाचा रंगबंधक बसवला की ते कापड गरम शेणाच्या पाण्यातून काढत. शेणातल्या फॉस्फेटमुळे रंगबंधक धाग्यावर पक्का बसे आणि जादाचा निघून जाई. पुढे शेणाऐवजी सोडियम फॉस्फेट आलं आणि त्याला स्वस्त पर्याय म्हणून सोडियम आर्सेनेट. प्रश्न ४ मधलं साम्य इथे गिरणीच्या हौदात कामाला लागलं. त्या हौदाचं पाणी शेवटी नदीतच जात असणार, हे सांगायला इचलकरंजीकरांना माझी गरज नाही.

याखेरीज मुंग्या मारायच्या गोळ्यांत, कातडी टिकवायला आणि औषधातसुद्धा. ब्रिटिश औषधकोशात सोडियम आर्सेनेटचं द्रावण होतं आणि ते थेंबांवर देत. आजच्या वैद्यकात त्याला जागा नाही.

७. आज कशासाठी वापरतात?

मुख्यतः प्रयोगशाळेत: पाण्यातलं आर्सेनिक मोजायच्या यंत्रासाठी प्रमाण द्रावण करायला आणि फॉस्फेटच्या वाटेनं पेशीत काय काय शिरतं हे अभ्यासायला. त्याच्या भावंडांपैकी पोटॅशियम आणि सीझियमच्या डायहायड्रोजन आर्सेनेटचे मोठे स्फटिक लेसरच्या प्रकाशाची वारंवारता दुप्पट करायला वापरले गेले आहेत.

८. आमचे आजोबा म्हणायचे की पूर्वी हुमणीला, म्हणजे उसाची मुळं खाणाऱ्या अळीला, आर्सेनेट घालायचे. आता मिळेल का? उसाचं फार नुकसान झालंय.

मिळणार नाही, आणि कुणी देतो म्हणाला तर घेऊ नका.

आजोबांचं ऐकीव अगदीच चुकीचं नाही. शेतीत खपलं ते सोडियमचं नव्हे, तर शिसं आणि कॅल्शियमचं आर्सेनेट, कारण ते पाण्यात फारसे विरघळत नाहीत आणि पान कमी जाळतात. लेड आर्सेनेट १८९२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये झाडं खाणाऱ्या अळीवर प्रथम वापरलं. पुढे तिथे जपानी भुंग्याच्या, म्हणजे आपल्या हुमणीच्याच कुळातल्या अळीसाठी, ते जमिनीत मिसळू लागले. १९२१ मध्ये ओहायोत विमानातून झाडांवर पहिली भुकटी टाकली तीही लेड आर्सेनेटचीच. कपाशीच्या बोंडभुंग्यावर कॅल्शियम आर्सेनेट विमानातून उडवणाऱ्या एका कंपनीची पुढे डेल्टा ही प्रवासी विमानकंपनी झाली.

किंमत मात्र जमिनीनं मोजली. कीटकनाशकाचा रेणू काही महिन्यांत, फार तर काही वर्षांत तुटतो. आर्सेनिक आणि शिसं ही मूलद्रव्यं आहेत, त्यांना तुटायला काही नाहीच. अमेरिकेतल्या जुन्या सफरचंदाच्या बागांची माती आजही तपासावी लागते. तिथे लेड आर्सेनेटचे कीटकनाशक म्हणून उरलेले परवाने १९८८ मध्ये रद्द झाले. भारतात लेड आर्सेनेट आणि कॅल्शियम आर्सेनेट ही दोन्ही नोंदणी नाकारलेल्या कीटकनाशकांच्या यादीत आहेत.

हुमणीचा खरा घाव वळवाच्या पहिल्या दोन-तीन पावसांनंतर घालता येतो. संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे कडुलिंबावर आणि बाभळीवर जमतात, तेव्हा फांद्या हलवून ते गोळा करायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. प्रकाश सापळे लावायचे. शेणखतातून मेटारायझियम ही अळी मारणारी बुरशी द्यायची. शेजारचे चार शेतकरी सोबत असतील तरच फरक पडतो. एकट्यानं केलं तर शेजारच्या फडातून भुंगेरे परत येतात.

९. सॉल्ट अॅनालिसिसमध्ये फॉस्फेट आणि आर्सेनेट सारखेच वाटतात. ओळखायचं कसं?

परीक्षेच्या आदल्या रात्री सर्वात जास्त येणारा प्रश्न. उत्तर हुपरीच्या धातूत आहे: चांदी.

उदासीन द्रावणात सिल्व्हर नायट्रेट घाला. फॉस्फेट असेल तर पिवळी पीपीटी (तळाला बसणारा साका), आर्सेनेट असेल तर चॉकलेटी-तपकिरी. आर्सेनाइटही पिवळी देतं, म्हणून पिवळा रंग दिसला की लगेच फॉस्फेट लिहून मोकळे होऊ नका. ही पीपीटी सौम्य नायट्रिक आम्लातही विरघळते आणि अमोनियातही, तेव्हा द्रावण खरोखर उदासीन हवं. निम्मी चॉकलेटी पीपीटी तुमच्याच जादा आम्लानं गायब होते आणि दोष बाटलीला जातो.

मॅग्नेशिया मिश्रणानं दोघंही पांढरीच पीपीटी देतात, आर्सेनाइट देत नाही. ती पांढरी पीपीटी गाळून, धुऊन, त्यावर सिल्व्हर नायट्रेट आणि अॅसिटिक आम्लाचे दोन थेंब टाकले की आर्सेनेटची तांबूस-तपकिरी होते, फॉस्फेटची पिवळी. अमोनियम मॉलिब्डेटची पिवळी पीपीटी फॉस्फेट किंचित गरम केल्यावरच देतं, आर्सेनेटला उकळावं लागतं. व्हायवात हा फरक हमखास विचारतात.

१०. किप्सच्या उपकरणातून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडला, अख्ख्या लॅबला अंड्यांचा वास आला, पण पिवळी पीपीटीच येईना. सॉल्टमध्ये आर्सेनिक नाही असं लिहू का?

लिहू नका. सौम्य आम्लातल्या थंड द्रावणात आर्सेनेट फार सावकाश उत्तर देतं. आर्सेनाइट लगेच देतं. द्रावण तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करा किंवा आधी +५ चं +३ करून घ्या, उदाहरणार्थ थोडं आयोडाइड घालून. मग वायू सोडा.

आयोडाइडचा विषय निघालाच आहे तर: तीव्र आम्लात आर्सेनेट आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतं आणि स्वतः आर्सेनाइट होतं. तेच मिश्रण बायकार्बोनेट घालून अल्कधर्मी केलं की अभिक्रिया उलटी फिरते आणि आयोडीनचा रंग जातो. 'मी तेच केलं तरी उत्तर उलटं आलं' असं म्हणणाऱ्यांनी आपला सामू बघावा.

११. माती परीक्षणात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर आला, पण पीक स्फुरदाची कमतरता दाखवतं. असं होऊ शकतं?

कारणं अनेक असतात आणि आर्सेनेट त्यातलं सर्वात दुर्मीळ. पण होऊ शकतं. स्फुरद मोजायची नेहमीची पद्धत मॉलिब्डेनमच्या निळ्या रंगावर चालते आणि तसाच निळा रंग आर्सेनेटही देतं. जुनी गोदामं, कातडी कमावायच्या जागा, लाकूडप्रक्रियेची आवारं अशा ठिकाणची माती असेल तर प्रयोगशाळेला तसं सांगा. ते आधी थायोसल्फेटसारख्या द्रव्यानं आर्सेनेटचं आर्सेनाइट करून घेतात. आर्सेनाइट हा रंग देत नाही.

अशा मातीची आणखी एक खोड. आपल्या पश्चिम भागातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीत लोह आणि अॅल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर असतात आणि ते आर्सेनेटला धरून ठेवतात. तिथे फॉस्फेट खत ओतलं की जागेसाठी दोघांची झटापट होते आणि काही आर्सेनेट सुटून पाण्यात येतं. दूषित जमिनीत खताचा हात आखडता ठेवायचा तो यामुळे.

१२. कारखान्याच्या जुन्या कूलिंग टॉवरचं हिरवट लाकूड स्वस्तात मिळतंय. गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळलं तर चालेल?

अजिबात नाही. हा प्रश्न दर हंगामात येतो.

ती हिरवट झाक बहुधा सीसीएची असते, म्हणजे तांबं, क्रोमियम आणि आर्सेनेट यांचं लाकूड टिकवणारं मिश्रण. हा शोध आपल्याकडचाच आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशन यांनी १९३३ मध्ये तो लावला. 'अॅस्कू' या नावातच आर्सेनिक आणि तांबं आहे. वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून जगभर विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर आणि कूलिंग टॉवर यातून भिजवून काढले. क्रोमियममुळे आर्सेनेट लाकडात पक्कं बसतं, म्हणून उभ्या खांबाला पाठ टेकली तर घाबरायचं कारण नाही. अमेरिकेत मात्र घरगुती वापराचं असं लाकूड २००३ अखेर थांबवलं.

जाळलं की हा पक्केपणा संपतो. काही आर्सेनिक धुरातून जातं, बाकीचं राखेत साठतं आणि ती राख पाण्यात सहज पाझरते. आता गुऱ्हाळाची रीत आठवा. चुलवाणाचा धूर काहिलीभोवतीच असतो, जाळ घालणारा जळव्या दिवसभर तोंडाशी बसतो, राख शेतात जाते आणि थोडी घरी भांडी घासायलाही. चिपाडं कमी पडली तर बाभूळ घ्या, दुसऱ्या गुऱ्हाळाची चिपाडं विकत घ्या. फुकट मिळालं तरी हे लाकूड नको. रंधा मारतानाचा भुसाही गोठ्यात पसरू नका.

१३. आमच्या विहिरीत आर्सेनिक असेल का? उकळून प्यायलं तर जाईल का?

देशातला आर्सेनिकचा मोठा प्रश्न गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या प्रदेशात आहे: पश्चिम बंगाल, बिहार, उत्तर प्रदेश. तिथे गाळातलं लोह ऑक्साइड प्राणवायूविना विरघळतं आणि त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं. आपल्या काळ्या कातळातल्या विहिरींची घडण वेगळी आहे. तरी विहिरीशेजारी कारखाना, जुनं गोदाम किंवा कचऱ्याचा ढीग असेल तर एकदा तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे.

उकळून जात नाही. पाणी आटतं, आर्सेनिक राहतं, म्हणजे प्रमाण उलट वाढतं. लोहक्षार किंवा तुरटीनं आर्सेनेट बरंच खाली बसतं. आर्सेनाइट बसत नाही, कारण साध्या पाण्यात त्याच्यावर भारच नसतो. म्हणून आधी क्लोरीननं त्याचं आर्सेनेट करून घेतात. सगळीकडे खलनायक असलेलं +५ इथे सोयीचं ठरतं.

१४. भातात आर्सेनिक चढतं असं वाचलं. आजऱ्याचा घनसाळ खाऊ की नको?

खुशाल खा. भात जातीपेक्षा शेतातल्या माती-पाण्यामुळे आर्सेनिक घेतो. खाचरात पाणी तुंबलं की मातीतल्या आर्सेनेटचं आर्सेनाइट होतं आणि भाताची मुळं ते सिलिकॉनच्या वाटेनं ओढतात. माती आणि पाणी स्वच्छ असेल तर ओढायला काही नाहीच. ज्यांना शंका आहे त्यांनी भात भरपूर पाण्यात शिजवून पेज काढून टाकावी, त्यानं अकार्बनी आर्सेनिक कमी होतं. पेज पिण्याची सवय असलेल्यांना हा सल्ला आवडत नाही, ठाऊक आहे.

१५. कपाटात बाटली सापडली. ओतून देऊ का?

नाही. बेसिनमध्ये नाही, पंचगंगेत नाही, परसात खड्डा खणून तर मुळीच नाही.

बाटली उघडू नका. हातमोजे घालून ती जाड प्लॅस्टिकच्या डब्यात उभी ठेवा, डब्यावर नाव आणि तारीख लिहा, कुलूप लावा. मग संस्थेमार्फत २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अधिकृत विल्हेवाट केंद्राकडे द्या. जुनी आहे म्हणून जोर गेला असेल, असं धरू नका. आर्सेनिकला एक्स्पायरी नसते. दुसऱ्या कॉलेजला 'भेट' देण्याचा मोहही आवरा, विषांच्या ताब्यावर आणि विक्रीवर १९१९ च्या विष कायद्याखाली निर्बंध आहेत.

सांडलं असेल तर झाडू मारू नका, धूळ उडते. ओल्या कागदानं टिपा आणि तो कागदही त्याच डब्यात टाका. आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून लावा: हे रसायन आम्ल आणि जस्त किंवा अॅल्युमिनियम यांच्या सोबत कधीही येता कामा नये. त्यातून आर्सिन वायू निघतो. तो हुंगल्यावर लगेच त्रास होईलच असं नाही, काही तासांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. १८३६ ची प्रसिद्ध मार्श चाचणी याच वायूवर चालते. जस्त चढवलेल्या पत्र्याच्या बादलीत आम्लाचं सांडपाणी आणि ही पूड एकत्र टाकणं म्हणजे नकळत तोच प्रयोग उघड्यावर करणं.

१६. चुकून पोटात गेलं तर?

दूध, अंडं, मिठाचं पाणी यात वेळ घालवू नका. उलटी करवू नका. सीपीआरला (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात लगेच न्या, बाटलीचा फोटो किंवा लेबल सोबत ठेवा आणि 'आर्सेनिक' हा शब्द स्पष्ट सांगा. उलट्या-जुलाब पाहून अन्नविषबाधा समजली गेली तर वेळ जातो. आर्सेनिकला धरून बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती लवकर सुरू झाली तर उपयोग. तब्येत ठीक वाटत असली तरी न्या.

१७. होमिओपॅथीचं 'नॅट्रम आर्सेनिकम' म्हणजे हेच ना? मग ते कसं चालतं?

नाव याचंच आहे. 'आर्सेनिकम अल्बम' म्हणजे मात्र सोमल. जास्त पोटेन्सीच्या, म्हणजे जास्त वेळा पातळ केलेल्या, गोळीत मूळ पदार्थ मोजण्याइतकाही उरत नाही, म्हणून त्यातून विषबाधा होत नाही, आणि माझ्या मते औषधही होत नाही. कमी पोटेन्सीत पदार्थ खरोखर असू शकतो, तिथे जपून. यावर रागावून आलेले संदेश मी वाचले आहेत. उत्तर तेच.

१८. फॉस्फेटऐवजी आर्सेनेट वापरून जगणारे जिवाणू सापडलेत म्हणे?

२०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातल्या एका जिवाणूबद्दल तसा दावा झाला, डीएनएतसुद्धा आर्सेनेट आहे म्हणून. २०१२ मध्ये इतरांनी तपासलं तर तो जिवाणू आर्सेनिक सहन करतो, पण जगायला त्याला फॉस्फेटच लागतं असं निघालं. 'सायन्स' नियतकालिकानं तो निबंध २०२५ मध्ये मागे घेतला. प्रश्न ४ मधला कच्चा बंध आठवा. ज्या दुव्याला पाण्यात क्षणभर टिकता येत नाही, त्याची वंशावळ कशी लिहिणार?

१९. लेबल अर्धं फाटलंय. 'सोडियम आर्से' एवढंच वाचता येतं. आर्सेनेट धरू की आर्सेनाइट?

आर्सेनाइट धरा, कारण ते दोघांत जास्त वाईट आहे. आर्सेनिलेटही असू शकतं, ते एक कार्बनी संयुग. सिल्व्हर नायट्रेटनं रंग बघून ठरवता येईल हे खरं (प्रश्न ९), पण तेवढ्यासाठी बाटली उघडू नका. प्रश्न १५ प्रमाणे डब्यात ठेवा आणि चिठ्ठीवर अंदाज न लिहिता जे दिसतं तेच लिहा: 'सोडियम आर्से, पुढचं फाटलेलं'.